बाथरूमची अर्धी लाईट

आमच्या बाथरूमची लाईट कंगव्यानं लावायची असे. निळा, प्लास्टिकचा, अर्धे दात गेलेला कंगवा दाराच्या आत खिळ्याला सुतळीनं टांगलेला होता. तो हातात घ्यायचा, त्याच्या टोकानं बटण दाबायचं आणि मग आंघोळीला लागायचं. बोटानं दाबलं तर चुणचुणायचं. पावसाळ्यात भिंत ओली झाली की चुणचुण दंडापर्यंत यायची.

लग्न होऊन मी मंगळवार पेठेतल्या या घरात आले तेव्हा सासूबाईंनी मला आधी देवघर दाखवलं आणि मग कंगवा. सासूबाईंना आमच्याकडं आत्ती म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. आत्ती म्हणाल्या, "देवाला एक दिवस हात जोडायचं इसरलीस तर चालंल. हे इसरायचं न्हाय."

मी शाळेत चित्रकला शिकवते. विजेतलं मला काही कळत नाही, पण कंगव्यानं लाईट लावणं हे बरोबर नाही एवढं कळत होतं. तसं मी नवीन सून असताना बोलूनही दाखवलं. मामा म्हणाले, "चुणचुणतंय म्हणजे लाईट हाय. ज्या दिवशी चुणचुणायचं बंद होईल त्या दिवशी मला सांग, मी बघतो." मग मलाही सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते. माझी मुलगी पुण्याला हॉस्टेलवर राहायला गेली, तेव्हा पहिल्या सुट्टीत येऊन म्हणाली, "आई, तिकडं बटण बोटानं लावतात." तिला त्याचं खरंच नवल वाटलं होतं.

हे असंच चाललं असतं, पण श्रावणात आत्तींनी सत्यनारायण घातला. नेहमीचे गुरुजी गावाला गेले होते, त्यांनी दुसरे पाठवले. तरुण होते, घाईत होते. आल्या आल्या "हात-पाय धुतो" म्हणून सरळ बाथरूममध्ये गेले. मी शिऱ्याला रवा भाजत होते, आत्ती केळीचे खांब बांधत होत्या, मामा खुर्चीत बसून पेपर वाचत होते. कंगव्याचं त्यांना कुणी सांगितलंच नाही.

आधी बादली पडल्याचा आवाज आला. मग एक शब्द आला. तो मी इथं लिहीत नाही. आमच्या पेठेत तालमीच्या कट्ट्यावर तो दिवसभर ऐकू येतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण सोवळ्यातून आलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

गुरुजी बाहेर आले ते उजवा हात डाव्या हातात धरून. तोंड पांढरं पडलं होतं. मामांनी पेपर खाली घेतला आणि म्हणाले, "काय न्हाय, थोडा करंट हाय. वला हात लावला असंल तुम्ही." गुरुजींनी हात उपरण्याला पुसला. पाटावर बसले आणि पाचही अध्याय असे पळवले की शिरा गार व्हायच्या आत आरती उरकली. जाताना पाय धुवायला त्यांनी बाथरूम नको म्हटलं, रस्त्यावरच्या नळावर गेले.

त्या संध्याकाळी आत्तींनी जाहीर केलं की वायरमन बोलवायचा.

"पूजेच्या दिवशी गुरुजी आपल्या दारात गेलं असतं म्हंजे," त्या म्हणाल्या. "देवाला काय तोंड दाखवलं असतं?"

"आणि इतकी वर्षं मी गेले असते तर?" मी विचारलं.

"तुला कंगवा म्हाईत हाय की," आत्ती म्हणाल्या.

मामांचा विरोध होता. मामा एका कारखान्यात स्टोअरला होते. तिथं बल्ब, वायर, फ्यूज हे सगळं त्यांच्या हातून सहीनं बाहेर जायचं, त्यामुळं आपल्याला विजेतलं सगळं कळतं असं त्यांचं ठाम मत होतं. घरातल्या बोर्डाला ते कुणाला हात लावू देत नसत. "माझ्या घरात आजवर फ्यूज उडाला न्हाय," हे वाक्य ते पाहुण्यांना चहाबरोबर ऐकवत. शेजारीपाजारी दर पावसाळ्यात फ्यूज उडायचे, लोक मेणबत्त्या घेऊन वायर शोधत फिरायचे, आणि मामा उजेडात बसून त्यांच्याकडं बघायचे. त्याचा त्यांना फार अभिमान होता.

माझा नवरा हातकणंगल्याला सूतगिरणीत आहे. घरात वाद सुरू झाला की त्याला मोबाईल चार्जिंगला लावायचं आठवतं, आणि चार्जर नेमका आतल्या खोलीत असतो. त्यामुळं वायरमन मीच शोधला. कसबा बावड्याला नवीन अपार्टमेंट उठतात तिथं तो कामं घेतो. आमच्या शाळेचे पंखे त्यानंच बसवलेले. मोठा आवाज, गळ्यात टेस्टर, आणि आपल्यासारखा वायरमन जिल्ह्यात नाही हे दर पाच वाक्यांनी सांगायची सवय. तो आला, बोर्डासमोर उभा राहिला आणि हसायला लागला.

बोर्ड लाकडी होता. त्यावर चिनी मातीचे पांढरे फ्यूज, ज्यांना सगळे किटकॅट म्हणतात. वायरमननं मेन बंद करून त्यातला एक ओढून काढला आणि उजेडात धरला. आत फ्यूजची बारीक तार असायला हवी होती. तिथं एक जाड, पीळ दिलेली तार होती.

"मामा, हे काय हाय?"

"क्लचवायर," मामा म्हणाले. "स्कूटरची."

"मामा, उद्या हे घर जळंल, पर हे उडणार न्हाय."

"मग," मामा खूश होऊन म्हणाले. "मजबूत हाय."

वायरमननं माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघितलं. मग त्यानं सगळ्यांना उभं करून व्याख्यान दिलं. तार बारीक असते ती उडावी म्हणूनच. जास्त करंट गेला की ती जळते आणि घर वाचतं. आता तारेच्या जागी एमसीबी येतो, तो नुसता खाली पडतो, परत वर करायचा. आणि त्याच्या शेजारी अजून एक डबी बसते, आरसीसीबी. "एमसीबी वायरीला वाचवतो आन आरसीसीबी मानसाला," तो म्हणाला. "बाथरूमला ती पायजेच. किती करंट गेला आन किती परत आला हे ती बघती. जेवढा गेला तेवढा आला न्हाय, म्हंजे मधी कोणतरी चिकटलाय. की लगेच टक्."

"आन न चिकटता टक् केलं तर?" मामांनी विचारलं.

"करत न्हाय. मी बसवल्यावर न्हाय करत."

हे वाक्य मामांनी नीट लक्षात ठेवलं.

काम एका दिवसात झालं. जुना बोर्ड निघाला, पांढरी पेटी आली, बाथरूमचं बटण नवीन, दिवा नवीन, ओल लागणार नाही असा बंद झाकणाचा. निळा कंगवा आत्तींनी कचऱ्यात टाकला. मामांनी तो परत काढून आपल्या कपाटात ठेवला. वायरमन म्हणाला, "लावा वैनी, बोटानं लावा." मी बोट पुढं केलं, थोडी थांबले, आणि दाबलं.

टक्. सगळं घर बंद. पंखा थांबला, फ्रिजची घरघर थांबली, आत्तींची मालिका एका सुनेच्या उघड्या तोंडावर थांबली.

मामा खुर्चीतून म्हणाले, "कोण चिकटलंय का बघा."

वायरमननं परत वर केलं. मी परत दाबलं. टक्. त्यानं आधी फ्रिजवर संशय घेतला, मग मिक्सरवर, मग नव्या दिव्यावर, मग वीज मंडळावर. प्रत्येक वेळी खात्रीनं. शेवटी म्हणाला, डबीच खराब निघाली, दुसरी आणतो. दुसरी आणली. तिनंही टक् केलं. बाकी घरात काहीही लावा, ती गप्प. बाथरूमची लाईट लावली की घर अंधारात. "जुनं वायरिंग हाय, बसंल हळूहळू," असं काहीतरी सांगून तो बावड्याला निघून गेला आणि मग फोन उचलेना.

पुढचे काही दिवस आम्ही मोबाईलच्या बॅटरीवर आंघोळी केल्या. मोबाईल साबणाच्या खणात उभा करायचा आणि कुणाचा व्हिडिओ कॉल येऊ नये म्हणून देवाचं नाव घ्यायचं. मामांच्या अंगात मात्र वेगळाच उत्साह आला होता. आत्तींची मालिका ऐन भरात आली की त्यांना लघवीला लागायची. ते बाथरूममध्ये जायचे, टक् व्हायचं, आणि अंधारातून त्यांचा आवाज यायचा, "सवयीनं हात गेला." आत्तींनी एकदा त्यांना लाटणं दाखवलं. मामा म्हणाले, "मला कशाला दाखवतीस? त्या डबीला दाखव. मानसाला वाचवती म्हणं."

मीच एक दिवस शाळेतून परस्पर बावड्याला गेले आणि वायरमनला कामावरून उठवून रिक्षात घालून आणला. वाटेत तो म्हणाला, "वैनी, मी येनारच होतो." मी रिक्षावाल्याला जोरात घ्यायला सांगितलं.

या वेळी त्यानं डबीला हात लावला नाही. शिडी मागितली आणि बाथरूमच्या वरच्या माळ्यावर चढला. तिथं जुन्या पद्धतीचं लाकडी पट्टीवरचं वायरिंग होतं, काळं पडलेलं. मी खाली बॅटरी धरून उभी. थोड्या वेळानं वरून आवाज आला, "वैनी, ह्या भिंतीपलीकडं कोन राहतंय?"

मी मामांकडं बघितलं. मामांनी पेपर वर केला.

आता हे सांगितलंच पाहिजे. पलीकडं मामांचे धाकटे भाऊ राहतात. घर मुळात एकच होतं. आमच्या लग्नाच्या आधी वाटणी झाली आणि घराच्या मधोमध विटांची भिंत आली. बाकी सगळं सरळ वाटलं गेलं, भांडण झालं ते न्हाणीवरून. न्हाणी एकच होती. ती मामांच्या वाट्याला आली आणि धाकट्यांना मागं पत्र्याची नवी बांधावी लागली. ते म्हणाले थोरल्यानं लबाडी केली. थोरले म्हणाले चिठ्ठ्या टाकल्या होत्या. त्यावरून दोघांचं बोलणं बंद झालं ते आजतागायत. लग्नकार्यात एका पंगतीत बसले तरी एकाची मान पूर्वेला आणि दुसऱ्याची पश्चिमेला. घरात त्यांचं नाव घेत नसत. नुसतं "पलीकडचे" म्हणायचं.

वायरमन खाली उतरला. डोक्यात जळमटं, पण चेहरा खुललेला. "घावलं," तो म्हणाला. "तुमच्या पेटीतनं करंट निघतोय, बाथरूमच्या दिव्यात जातोय, आन परत येताना तुमच्याकडं येतच न्हाय. भिंतीला वर भोक हाय, चिंधी कोंबल्याली. वायर तिथनं पलीकडं गेलीया. अर्धी लाईट तुमची हाय, अर्धी त्येंची. डबी बिचारी बघती, गेला तेवढा आलाच न्हाय. ती म्हनती मेला कोनतरी."

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"कापायचं. पर तसंच कापून चालत न्हाय. हीच वायर फुडं त्येंच्या देवघराच्या दिव्याला जोडल्याली हाय. हितनं कापली तर त्येंच्या देवाम्होरं अंधार. आन त्येनी बटण चालू ठेवलं तर तुमच्या माळ्यावरचं तुटकं टोक जितं ऱ्हानार. मग गुरुजी न्हाय, कोनबी मरंल. दोन्हीकडनं एकदम सोडवाय पायजे." मग भिंतीकडं बघून तो म्हणाला, "कुठल्या येड्यानं केलंय हे वायरिंग?"

 मग पेपरमागून मामा म्हणाले, "आम्ही दोघांनी."

पेपर काही खाली आला नाही. आत्तींनी नंतर मला सांगितलं की दोघं तेव्हा बिनलग्नाचे होते. एक खालून वायर सारायचा, दुसरा माळ्यावर पालथा पडून ओढायचा. पहिला बल्ब लागला तेव्हा दोघं दिवसभर बटण चालू-बंद करत बसले आणि सासूबाईंच्या सासूबाईंनी दोघांना त्या न्हाणीतच बदडलं.

पलीकडं जायचं काम माझ्यावर आलं. मी घाबरत घाबरत निघाले तर आत्ती म्हणाल्या, "थांब, ही वाटी घिऊन जा. तिचं भांडं ऱ्हायलंय माझ्याकडं."

"कुणाचं?"

"जावंचं."

तेव्हा कळलं की या दोघी जावा रोज दुपारी गच्चीवर कठड्याला टेकून बोलत असतात. कधीपासून विचारलं तर आत्ती म्हणाल्या, "भांडान बाप्यांचं हुतं. आमाला कोन बोलू नगा म्हनलंवतं?" मी इतकी वर्षं शाळेत असायचे, मामा दुपारी झोपायचे. दोन घरांतला अबोला ही नुसती दोन म्हाताऱ्या भावांची गोष्ट होती, आणि आम्ही मात्र मानानं ती सांभाळत आलो होतो.

धाकटे मामा दारातच खुर्ची टाकून बसले होते. त्यांचा मुलगा नोकरीला बेंगळुरूला असतो, घरात नवरा-बायको दोघंच. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हंजे इतकी वर्षं त्याच्या न्हाणीतला उजेड माझ्या वायरीवर चाललाय," ते म्हणाले.

"अर्धा," मी म्हटलं.

"न्हाणी घेतली ती घेतली, वायरबी घेतली." ते फार समाधानानं बोलत होते. "जा, सांग त्याला. सवता येऊन म्हनू दे, वायर सोड. मग बघतो."

मी परत येऊन सांगितलं. मामा म्हणाले, "मी कंगव्यानं लाईट लावीन, पर त्याच्या दारात जानार न्हाय." वायरमननं घड्याळ बघितलं. तो म्हणाला, "मामा, तुमी बोला न्हायतर नगा बोलू, मला बावड्याला गिऱ्हाईक थांबलंय. मला दोन मेनवर दोन मानसं पायजेत. मी बंद म्हनलं की बंद, चालू म्हनलं की चालू. कोन उभारतंय ते तुमचं तुमी बघा." पलीकडच्या काकूंना, म्हणजे आत्तींच्या जावेला, मेनला हात लावायची भीती वाटते, आणि आत्तींनी सरळ सांगितलं की मी या वयात कशाला मरू. नवरा गिरणीत होता आणि मला शिडीशी बॅटरी धरायची होती. म्हणजे मेनवर उभे राहिले ते हे दोघेच. धाकट्यांना मी काकूंकरवी तयार केलं. काकू त्यांना एवढंच म्हणाल्या, "देवाम्होरं अंधार झाला तर सयपाक बंद."

वायरमन माळ्यावर चढला आणि भिंतीतली चिंधी ओढून काढली. भोक निघालं, मनगट जाईल एवढं. त्यातून पलीकडचं सगळं ऐकू येत होतं, इथलं तिकडंही जात असणार. पण मामा मला म्हणाले, "त्यांना सांग, मेन बंद करा." मी सांगायच्या आत पलीकडून आवाज आला, "सूनबाई, त्याला सांग, आधी त्याची बंद कर म्हनावं." मी शिडीला धरून मध्ये उभी. दोघांमध्ये हातभर विटा आणि निरोप्या मी. "मामा, ते म्हणतात…" "ऐकलं मी."

"बंद?" वायरमन वरून ओरडला.

"बंद," मामा म्हणाले.

"बंद म्हनावं त्याला," भिंतीतून आवाज आला.

वायरमननं पक्कड लावली आणि वायर कापली. मग सवयीनं टेस्टर टोकाला लावला. टेस्टर लाल पेटला. त्यानं हात असा मागं घेतला की माळ्यावरची एक जुनी घागर गडगडत माझ्या पायाशी आली. "पलीकडची बंद न्हाय," तो म्हणाला. आता त्याचा आवाज लहान होता.

"केलीया," भिंतीतून आवाज. "सांग त्याला, मी काय येडा हाय व्हय? मेन खाली हाय."

वायरमन माळ्यावर आखडून बसलेला, पेटतं टोक त्याच्या गुडघ्यापासून वीतभर, आणि खाली उतरायला त्याला ते टोक ओलांडावं लागणार. मी पलीकडं ओरडणार तेवढ्यात भिंतीपलीकडून बारीक आवाज आला. टी… टी… टी. मामांनी तो ऐकला. लाईट गेली की तो आवाज ते गेली काही वर्षं ऐकत आले होते. आम्ही अंधारात बसायचो आणि भावाच्या खिडकीत उजेड असायचा, त्या वेळचा तो आवाज. त्यांना तो सगळ्यांत जास्त खुपायचा.

मामा मेन सोडून शिडीकडं आले, माझ्या डोक्यावरून भोकाकडं तोंड केलं आणि ओरडले, "आरं गाढवा, तुजा इन्व्हर्टर बंद कर. मानूस मरंल."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग पावलं, मग टीटी थांबली. टेस्टर विझला. वायरमननं वायरीचं टोक बाजूला केलं आणि त्याला भराभर टेप गुंडाळला.

मग भिंतीतून आवाज आला, "गाढव कुनाला म्हनलास?"

"तुला."

"इन्व्हर्टर हाय म्हनून जळतोस."

"जळतंय माझं पायताण."

वायरमन वरून खाली बघत राहिला होता. मी त्याला खुणेनं सांगितलं, तुम्ही काम करा. तो काम करत राहिला आणि त्याच्या पोटाखालच्या भोकातून हे दोघं तासभर भांडले. चिठ्ठ्या कुणी लिहिल्या होत्या, कुणी उचलल्या, तांब्याचा बंब कुणी नेला, लहानपणी विहिरीत कुणी कुणाला ढकललं होतं. आवाज चढले की वायरमन म्हणायचा, "चालू करा," आणि दोघं भांडण थांबवून आपापली मेन चालू करायचे. "बंद करा," की बंद. मग जिथं सोडलं तिथून पुढं. आत्ती स्वयंपाकघरात चहा ठेवून ऐकत होत्या. मला म्हणाल्या, "बंबाचं त्यो खरं बोलतोय."

नवी वायर आमच्या पेटीपासून बाथरूमपर्यंत आली, जाणारीही आमची आणि परत येणारीही आमची. पलीकडच्या देवघराला त्यांची स्वतःची मिळाली. वायरमन म्हणाला, "लावा वैनी." मी बोटानं बटण दाबलं. लाईट लागली. टक् झालं नाही, चुणचुण झाली नाही. मी परत बंद केली, परत लावली. पांढऱ्या उजेडात पहिल्यांदाच दिसलं की मोरीच्या वरच्या कोपऱ्यात शेवाळ आलं आहे आणि आरसा वाकडा आहे.

तेवढ्यात दारात धाकटे मामा. ते चपला काढून थेट आत आले, कुणाकडं बघितलं नाही, आमच्या बाथरूमच्या दारात जाऊन उभे राहिले. ज्या न्हाणीसाठी भांडले ती त्यांनी इतक्या वर्षांत बघितली नव्हती. वरपासून खालपर्यंत बघितली. बटण चालू करून बघितलं, बंद करून बघितलं.

"फरशी चांगली न्हाय बसवली," ते म्हणाले आणि चहा न घेता गेले.

वायरमन जाताना पेटीवरचं एक छोटं बटण दाखवून गेला. महिन्यातून एकदा ते दाबायचं, डबी पडली पाहिजे. पडली तर ती जिवंत आहे. मामांनी ते काम स्वतःकडं घेतलं, म्हणजे आत्तींची मालिका लागली की.

पण डबीवर त्यांचा विश्वास नव्हता. "पोरासोरांचं खेळणं," म्हणायचे. धाकट्यांना वायरमन तीच डबी बसवून देत होता, तर त्यांनी नको म्हटलं, कारण थोरल्यानं बसवली होती. मामा म्हणाले, "नगं तर नगं, मेला तर न्हाणीचं भांडान मिटलं." बोलणं आता रोज चाले, भोकातून. ते भोक बुजवायचं राहूनच गेलं होतं. माळ्याखाली स्टूल ठेवून मामा त्यावर उभे राहत आणि पेपरातली बातमी वाचून दाखवत, आणि पलीकडून ती कशी खोटी आहे ते ऐकू येई.

थंडीत एका सकाळी मी डबा भरत होते आणि टक् झालं. घर बंद. मी आत जाऊन बघते तर बाथरूमच्या दारात मामा उभे, लुंगी गुडघ्यापर्यंत. पाणी तापवायचा जुना रॉड, जो मी मुद्दाम माळ्यावर टाकून दिला होता, बादलीत लटकत होता. आतल्या खोलीतल्या प्लगपासून वायर ओढत आणलेली. मामांच्या उजव्या हाताचं मधलं बोट वर, त्यावरून पाणी टपकत होतं. पाणी तापलं का ते त्यांनी बघितलं होतं, रॉड चालू असताना.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाय. लाईट गेली."

"सगळ्या पेठेत आहे."

"मग मला काय विचारतीस."

"बोटाला काय झालं?"

"मुंगी चावली," मामा म्हणाले.

मी रॉडचा प्लग काढला, पेटी उघडली, डबी वर केली. पंखा फिरायला लागला. मामा तसेच उभे होते, बोटाकडं बघत. त्यांचा चेहरा त्या गुरुजींसारखा पांढरा झाला होता. मी त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. त्यांनी सगळा तांब्या संपवला. आत्ती आल्या, त्यांनी रॉड बघितला, बादली बघितली, मामांकडं बघितलं. त्यांनाही कळलं. एरवी त्या घर डोक्यावर घेतात. त्या दिवशी त्यांनी फक्त मामांचं ओलं बोट आपल्या पदरानं पुसलं आणि रॉड उचलून परसात नेला. दगडानं ठेचल्याचा आवाज मला डबा भरताना येत होता.

मी शाळेला निघाले तेव्हा मामा स्टुलावर चढले होते. भोकाला तोंड लावून हळू बोलत होते. मी चपला शोधत असल्यासारखं केलं.

"आरं," मामा म्हणाले, "ती डबी बसवून घे."

"का?" पलीकडून आवाज आला.

"बसव म्हनतो तर बसव."

"तू कधीपासनं मला सांगाय लागलास?"

मामांनी तोंड भोकाच्या आणखी जवळ नेलं. "तुझी पत्र्याची न्हाणी हाय," ते म्हणाले. "वल असती. बसव."

 मामा स्टुलावरून उतरले, मला बघितलं आणि म्हणाले, "चपला पायातच हायत तुझ्या."

दोन-चार दिवसांनी वायरमन पलीकडं आला. मामा अंगरखा घालून, टोपी घालून निघाले. कुठं निघालात विचारलं तर म्हणाले, त्याला काय कळतंय, कुणीतरी बघाय पायजे. दिवसभर तिकडून हातोडीचा आणि दोघांच्या भांडणाचा आवाज येत होता. दुपारी जेवायला आले नाहीत. संध्याकाळी आले आणि आपल्या खुर्चीत बसले. आत्तींनी विचारलं, जेवलात का. म्हणाले, व्हय, तिनं आग्रह केला.

"काय केलंवतं?"

"झुणका-भाकरी," मामा म्हणाले. "मीठ जास्त हुतं."